कमलच्या अंगात आलेली देवी

वच्छलाबाई सकाळपासून जात्यावर श्रावणातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळत होती. धुळ्याहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरच्या त्या गावात घरोघर भिंती सारवून झाल्या होत्या. तिची सात वर्षांची कमल मात्र उंबऱ्याशी गळून पडली होती. महिनाभर पोरीचे डोळे सकाळी सुजलेले असत, लघवी थेंबभर होई आणि खाल्लेलं पोटात ठरत नसे. शेजारणी तिच्या फुगलेल्या गालांना बाळसं म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

"धुळाले डाक्टर शे. एक डाव दखाडी येऊत," ती नवऱ्याला म्हणाली.

"सणना तोंडवर कोठे जातस? कानबाई उठू दे, मंग जाऊत," म्हणत चुडामण बैलांना पाणी पाजायला गेला. माणूस वाईट नव्हता. पोरीवर त्याचा जीव होता, पण सणापुढे आजार थांबेल अशी त्याची समजूत होती.

रविवारी गावच्या निंबाखालच्या ओट्यावर कानबाई बसली. बाया गाणी म्हणत होत्या आणि कमल आईच्या मांडीवर होती. एकाएकी तिचा श्वास बदलला. खोल, जोरजोराचा, अखंड. पोट भात्यासारखं हलू लागलं, डोळे अर्धे मिटले, मान डोलू लागली. गावचा भगत सुकदेव उठून उभाच राहिला.

"आंगमा वारं उनं! माय उनी!"

झालं! हळदकुंकवाची आणि नारळांची ताटं पुढे सरकली. कमलची आजी ताईबाई, जिनं तिला न्हाऊमाखू घातलं होतं, तीच आधी नातीच्या पायांवर डोकं ठेवून मोकळी झाली.

"आत्या, तिले दम लागी राहिना," वच्छलाबाई सासूला कळवळून म्हणाली. "देवी नही, दुखनं शे हाई!"

"तोंड आवर! माय कोपी जाई."

कोणी मुलगा मागितला, कोणी हरवलेली गाय विचारली. पोर एवढंच पुटपुटली, "माय, पानी." आई तांब्या घेऊन उठली, तर सुकदेवनं तिला अडवलं. माय औंदा पाऊस देणार, असा त्यानं अर्थ लावला आणि सगळा ओटा आनंदला. तहानलेल्या लेकराला कोणी घोटभर पाणी दिलं नाही. चुडामणच्या पाया आज म्हातारी माणसंसुद्धा पडत होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटत होतं.

सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत कमलला पुढे बसवलं. नदीवर ती बेशुद्ध झाली, तेव्हा कुठे गाडी जुंपली गेली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मान खाली घातली. "मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. रक्तात आंबटपणा साठला की तो बाहेर टाकायला शरीर असे मोठमोठे श्वास घेतं. महिन्यापूर्वी आणली असती तर औषध, पथ्य करून पाहिलं असतं. वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण तिचे असे हाल झाले नसते."

दिवेलागणीला कमल गेली.

गावात बोलवा उठली की देवी आपल्या घरी परतली. दहावं होताच सुकदेव कमलमायचं ठाणं मांडायला दगड आणि शेंदराची वाटी घेऊन निंबाखालच्या ओट्यावर आला. मागे सारा गाव, त्यात चुडामणही. वच्छलाबाई धावत आली आणि ओट्यावर फतकल मारून बसली.

"आठे दगड बसाडानं नही! मनी पोर देवी नव्हती, आजारी व्हती. तिले दवाखाना पाहिजे व्हता, पानी पाहिजे व्हतं. तुम्ही बठ्ठासनी तिले नारळ दिधा!"

गर्दीत एक बाई तापानं फणफणलेली तान्ही मुलगी घेऊन उभी होती. वच्छलाबाईनं पोरीच्या कपाळाला हात लावला.

"हाई भाजी राहिनी. इले आठे कसाले आनं वं?"

"कमलमाय बरी करई म्हनीसन..."

"मनी कमल जिती व्हती तवय तिले कोनी बरं करं नही. आते मरीसन ती काय करई?" आणि तिचा बांध फुटला. दहा दिवस कोरडे राहिलेले डोळे वाहू लागले.

चुडामणनं सुकदेवच्या हातातली वाटी काढून खाली ठेवली. मग तो त्या तान्हीला धुळ्याला न्यायला गाडी जुंपायला गेला.

त्या ओट्यावर दगड बसला नाही. आपल्या गावच्या निंबाखाली, वेशीवर, शेंदूर फासलेले जे दगड आहेत, त्यांतल्या किती दगडांखाली एखादी आजारी पोर पाणी मागत निजली आहे, हे वाचकांनी एकदा विचारून पाहावं.