खालची पट्टी

खोकल्याची गोळी विरघळत विरघळत इतकी पातळ झाली होती की तिची कड जिभेला पात्यासारखी लागत होती. ती संपायच्या आत हे नाटक आटपलं तर बरं, असं मनाशी म्हणत त्याने ती गालात सरकवली आणि समोर पाहिलं. समोरच्या खुर्चीत अंगाई बसला होता.

अंगाई म्हणजे त्याच्याच वर्गातला. चर्चमधल्या पाळकपणाचं शिक्षण दोघांनी एकाच बाकावर घेतलं. अंगाईचा उपदेश सुरू झाला की पहिल्या रांगेतली माणसंसुद्धा पेंगू लागत, म्हणून तेव्हाच हे नाव पडलं आणि त्याने ते जुन्या कोटासारखं निमूट अंगावर वागवलं. आपलं नाव बुलबुल. कारण आपण उपदेश करता करता गायचो — अजून गातो. वचन वाचायचं, गोष्ट रंगवायची आणि ऐन वळणावर शब्द सोडून देऊन सूर धरायचा. मग शेवटच्या बाकावरचं चुळबुळणारं पोरही आ वासून बघत राहतं. लोक म्हणतात, तुम्ही गायलात की देव खोलीत येऊन बसल्यासारखा वाटतो. असं कुणी म्हटलं की तो मान खाली घाली आणि आतून मात्र... असो.

पाळकांचा हा उजळणीवर्ग दर वर्षी भरे. इतर वर्षी कुणी विद्वान येऊन मूळ भाषेतल्या शब्दांची फोड करून जाई. या वर्षी एक बाई आल्या होत्या, ज्यांचं सारं आयुष्य इस्पितळात, रोग्यांच्या उशाशी गेलं होतं. त्यांनी सगळ्यांच्या जोड्या लावल्या. एकाने आजारी व्हायचं, दुसऱ्याने पाळक म्हणून भेटायला यायचं. अट एकच : आजाऱ्याने आपणहून मागितल्याशिवाय भेटायला आलेल्याने प्रार्थना करायची नाही, वचन सांगायचं नाही, गायचं नाही. यावर कुणीतरी मागून विचारलं होतं, मग राहिलं काय बाई, नुसती फळं न्यायची? सगळे हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, बसायचं.

त्याच्या वाट्याला आजारपण आलं तेव्हा त्याला हायसंच वाटलं होतं. सोंग काय, कुठलंही घेता येतं. त्याने दुखरा गुडघा घेतला.

“कधीपासून धरलाय?” अंगाईने विचारलं.

“झाले असतील दोन-तीन महिने.”

“हं.”

एवढंच. मग नुसता तो बसून. हात मांडीवर, डोळे याच्याकडे. आजूबाजूच्या जोड्यांची कुजबुज चालली होती, खिडकीचा पडदा फुगत होता आणि बसत होता. अशी शांतता त्याला कधीच सोसली नव्हती. रोग्याच्या खोलीत पाऊल टाकताच तो हलकेच एखादी ओळ गुणगुणू लागे — रोग्यासाठी, असं त्याला वाटे. आणि आपल्याला कोण भेटायला आलं होतं आजवर? तापाने फणफणलेला असताना आले होते की लोक; पलंगाच्या कडेवर टेकून आपापली गाऱ्हाणी सांगून गेले, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना यानेच केली, तोंडातला थर्मामीटर काढून. पाळकाचा पाळक कोण, हा प्रश्नच कुणाला पडत नाही... त्यालाही नव्हता पडला.

शांतता बुजवायला त्याने गुडघ्याचं वर्णन लांबवलं. जिना चढताना कसा करकरतो, सकाळी कसा आखडतो — आणि ‘आखडतो’वर आवाज मधूनच फाटला. कापड टर्रकन फाटावं तसा. त्याने खोकून सावरलं. दुसरा कुणी असता तर पाणी आणायला धावला असता. अंगाई जागचा हलला नाही.

“अरे, बोल ना काहीतरी. आजारी माणूस आहे मी.”

“तू बोलतोयस की. मी ऐकतोय.”

“गुडघा नाही रे,” तो म्हणाला, आणि आपण हे म्हटलं याचं त्यालाच नवल वाटलं.

मग ते सगळं बाहेर आलं, ओळीत नाही, कसंही. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलेल्या घशातल्या त्या दोन फिकट पट्ट्या — आयुष्यभर ज्यांच्या जिवावर उपदेशपीठ गाजवलं, त्या केवढ्याशा! — आणि एकीवर तांदळाच्या कणीएवढी गाठ. शस्त्रक्रिया करावी लागेल. बोलता येईल, पण गाण्याचं आत्ता काही सांगत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी सांगितलेलं नाही. कसं सांगणार? बायको या आवाजाच्याच मागे घर सोडून आली. आवाजाशी संसार होत नसतो पोरी, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं, तर म्हणाली होती, मी ऑर्गन वाजवीन, होईल. आणि झालाही, तो उपदेशपीठावर, ती खाली डाव्या हाताला ऑर्गनवर, रविवारमागून रविवार. तो आवाजच गेला तर उरेल कोण? वचन वाचून दाखवणारा एक म्हातारा. लोक पेंगतील... इथे त्याने चटकन समोर बघितलं. अंगाईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं. किंवा उमटून, त्याने ते बाजूला ठेवलं होतं.

“पण मागे फोनवर तर म्हणालास, आवाज सुधारला, प्रभूने ऐकलं.”

हो ना. तेच तर कळत नव्हतं. गाठ वाढतेय म्हणतात डॉक्टर आणि गेले काही रविवार वरचा सूर, जो मधल्या काळात हुलकावणी देत होता, तो पिकलेल्या फळासारखा हातात येत होता. उपासना संपल्यावर आतल्या खोलीत झगा उतरवताना तो रडला होता, आभार मानले होते. अंगाईला सुरातलं ओ की ठो कळत नाही, त्याला समजावं म्हणून तो सांगू लागला की, आपली पट्टी काळी दोन, लग्नाच्या आधीपासूनची.

“पट्टी म्हणजे नेमकं काय रे?” अंगाईने मनापासून विचारलं. “इतकी वर्षं विचारायची लाज वाटली.”

“म्हणजे गाणं जिथून सुरू होतं ती पायरी. ती खालची धरली की वरचा सूरही तेवढाच खाली येतो, मग आवाज सहज—”

हल्लीची तालीम त्याच्या डोळ्यांपुढे आली.

गायकमंडळातला एक खर्जातला गडी कुरकुरला होता, हल्ली आम्हाला विहिरीत उतरावं लागतंय बाई. आणि बायको ऑर्गनवर पानं उलटता उलटता म्हणाली होती, उतरा की, तळाचं पाणी गोड असतं. तो आळशी म्हणून आपण हसलो होतो. आणि तिचा हात — उपदेशपीठावरून दिसायचा — हल्ली जरा डावीकडे सरकून बसलेला. खांदा दुखत असेल असं वाटलं होतं... एकदम नाही उतरवली तिने पट्टी. या रविवारी अर्धी पायरी, पुढच्या रविवारी आणखी अर्धी. झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन, ते जागं होऊ नये म्हणून जपत जिना उतरावा, तसं.

म्हणजे तिला माहीत आहे. डॉक्टरांच्याही आधीपासून.

आधी रागच आला. सगळ्या मंडळीसमोर मला येडं बनवलं, आणि मी त्याबद्दल देवाचे आभार मानत बसलो! कानशिलं तापली. आणि मग तो राग धरून ठेवायला जावं तर हातात राहीना. आभार चुकीच्या ठिकाणी गेले, असं कुणी सांगावं? देवाने ऐकलंच नाही, असं तरी का म्हणावं? ऐकलं असेल, आणि कुणाच्या तरी बोटांत घातलं असेल... घशात नाही, बोटांत.

बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. खुर्च्या सरकल्या. अंगाई उठला नाही.

“प्रार्थना करू का? म्हणजे, तू मागितलीस तरच.”

“कर.”

त्याने केली. तशीच, सपाट, मध्येच अडखळत, एक वाक्य दोनदा. पण बुलबुल न म्हणता त्याचं खरं नाव घेऊन; आणि हे नाव देवासमोर दुसऱ्या कुणाच्या तोंडून आपण शेवटचं कधी ऐकलं, ते त्याला आठवेना.

चहाच्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला जाऊन त्याने घरी फोन लावला.

“हं, बोला. जेवलात का?”

तो जेवला होता. रविवारची गाणी काढलीस का, त्याने विचारलं. काढलीत, ती म्हणाली, का हो? सांगायचं असेल तर आत्ताच, असं वाटलं; शब्द तोंडाशी आलेही.

“काही नाही. सहज.”

“घसा बसलाय तुमचा.”

वर्ग फार, बोलणं फार, थंड पाणी प्यायलो — सगळ्या सबबी ओळीने उभ्या होत्या.

“हो,” तो म्हणाला. “बसलाय.”

पलीकडे ती गप्प राहिली. काही विचारलं नाही, की फोन ठेवते असंही म्हणाली नाही; तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी नळ गळत होता. रविवारी काय होईल, त्यानंतर काय होईल, काहीच ठरलं नव्हतं. भीती होती तिथेच होती. फक्त जड कपाट एकट्याने ओढता ओढता पलीकडच्या बाजूने कुणीतरी न बोलता हात लावावा, तशी ती जराशी उचलली गेली होती — आणि फोन कानाला तसाच धरून तो उभा राहिला.