जाड्याच्या डाव्या चाकाची भानगड

"बिरप्पामामा, तुमाला चाकं मोजता येतात का वो?"

गॅरेजच्या पत्र्याच्या दाराआड प्रियदर्शनीच्या मैत्रिणी, पूनम आणि पिंकी साळुंके, तोंडात ओढणी कोंबून फसफसत होत्या. हा प्रश्न विचारून दाखवायची पैज त्यांचीच होती. चिंचोळी एमआयडीसीच्या नाक्यावर बिरप्पा मिस्त्रीला उलटून बोलायची ट्रकवाल्यांचीसुद्धा छाती नव्हती, तिथं ही दहावीतली प्रियदर्शनी! पण गॅदरिंगला माईक हातात घेऊन अख्खी शाळा हसवल्यापासून तिचं तोंड जे सुटलं होतं, ते मिटायचं नावच घेत नव्हतं.

"काय म्हणलीस?" बिरप्पानं पाना खाली ठेवला.

"चाकं वो. मोजता येतात का?" दुसऱ्यांदा विचारायला तर लईच मजा आली.

"चार हायती. मग?"

मग काय, ते पैजेत ठरलेलंच नव्हतं! प्रियदर्शनीनं वेळ काढायला जाड्याकडं बघितलं. जाड्या म्हणजे त्यांची जाड टायरांची चारचाकी बाईक. एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून तिच्या वडलांनी, आप्पांनी आणलेली. शेताच्या बांधाबांधानं वैरण वाहायची, चालून दमलेली कोकरं मांडीवर घेऊन घरी आणायची, सगळं जाड्यावर. प्रियदर्शनीचा तर त्याच्यावर जीव. पण महिनाभर त्याचं हँडल असं डुलत होतं, की परवा त्यानं आप्पांना कोकरासकट पाटाच्या चारीत घातलं. आप्पा चिखलातून उठले ते एकच वाक्य बोलले: "इकून टाकतो." उद्या वेळापूरचं गिऱ्हाईक यायचं होतं. आज दुरुस्त झाला नाही, तर जाड्या गेला.

आणि जाड्याकडं बघता बघता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मग त्याला दोन चाकांचा समजून का दुरुस्त करताय?" ती ओरडलीच. "हँडल दिसलं की जो येतो तो हँडल आवळतो! आप्पांनी आवळलं, तुमी तीनदा आवळलं. ही मोटरसायकल न्हाय वो मामा! पुढनं वाकून बघा की, हँडलपासनं दोन्ही चाकांना दांड्या गेल्यात, बारका ट्रॅक्टर हाय!"

बिरप्पा गाडीपुढं उकिडवा बसला. वाकून बघितलं, मान खाजवली, परत बघितलं. मग दाराकडं तोंड करून गरजला, "ए साळुंक्यांनो! नुसतं खिदळाय आलाय व्हय? या हिकडं!"

पूनम हँडल धरून बसली, पिंकीनं मोबाईलच्या बॅटरीचा उजेड पाडला. जॅकवर पुढची चाकं अधांतरी झाली. घरच्या ट्रॅक्टरला करायची तसं प्रियदर्शनीनं डावं चाक वरून-खालून धरून हलवलं. गप्प. म्हणजे बेअरिंग धडधाकट. मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं.

टक!

"बया! हाड वाजलं की!" पूनम किंचाळली.

"टायरॉडचं, म्हंजी त्या दांडीचं टोक हाय ते," प्रियदर्शनी म्हणाली. "हँडल जरासं फिरव. बघा मामा, दांडी आधी हलतीय, चाक मागनं जागं हुतंय!"

उजवीकडं सगळं घट्ट. डावीकडं मात्र दांडीच्या टोकाची गोळी खळखळत होती, आणि तिच्यावरच्या रबरी टोपीत गंजलेली तार रुतली होती. तारेत मिरच्यांचे देठ, आणि वाळून काळं पडलेलं लिंबू.

प्रियदर्शनीनं तो सगळा गुंता चिमटीनं उपसून काढला. "आईची तार!"

घरातल्या प्रत्येक गाडीला आई अमावस्येला लिंबू-मिरची बांधायची. ट्रॅक्टरला बंपर होता, जाड्याला कुठला? जिथं तार अडकली तिथं आईनं, म्हणजे केराबाईंनी, बांधली, दर अमावस्येला जुन्यावर नवी. तारेनं रबर कापलं, फटीतून मुरमाची माती आत गेली, आणि गोळी झिजली.

"केराक्कानं गाडीला कुणाची नजर लागू दिली न्हाय," बिरप्पा पोट धरून हसत म्हणाला, "पर तिची तारच चावली की!" बिरप्पा मिस्त्री हसतो, हे तिघींनी पहिल्यांदा पाहिलं.

पलीकडच्या दुकानातून नवं टोक आलं. बिरप्पा जुनं फिरवायला लागला, तशी प्रियदर्शनी आडवी आली. "थांबा! हुतं तितंच बसाय पायजे, न्हायतर चाक तिरकं बघंल." पिंकीच्या दप्तरातलं नेलपेंट निघालं. दांडीच्या आट्यावर गुलाबी खूण झाली, सोडताना किती फेरे फिरले ते तिघींनी मोठ्यांदा मोजलं. नवं टोक खुणेपर्यंत गेलं, ते जागेवर धरणारा चेकनट आवळला, पिन बिरप्पानं नवीन घातली. शेवटी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून दोन्ही बाजू बघितल्या. सरळ!

मागच्या मोकळ्या माळावर बिरप्पानं एक फेरी मारली. उतरून त्यानं हेल्मेट प्रियदर्शनीच्या हातात दिलं. तिनं हँडल डावीकडं वळवलं, जाड्या डावीकडं. उजवीकडं, तर उजवीकडं! सांगितल्याबरोबर! ती हेल्मेटच्या आत एवढ्यांदा ओरडली, की तिचेच कान वाजले.

संध्याकाळी अंगणात आप्पांनी स्वतः जाड्या फिरवून बघितला. आई तारेची गोष्ट ऐकून पदरात तोंड लपवून हसत होती.

"झ्याक झाला," आप्पा म्हणाले. "आता गिऱ्हाईक उड्या मारत नेतंय."

प्रियदर्शनीचं हसू जाग्यावर थांबलं. दुरुस्त झाला म्हणून जाड्या जाणार? तिनं आप्पांच्या हातातली किल्ली हळूच काढून घेतली.

"आप्पा, आई, ऐका. वेळापूरच्या पावण्यास्नी आत्ता फोन लावा. जाड्या कुटं जाणार न्हाय. दर रविवारी पुढची दोन्ही चाकं मी हलवून बघणार, आणि जरा जरी टक वाजलं, तर मीच दुरुस्त करणार. ठरलंय माझं."