सुनेच्या तळपायाला काशाची वाटी

जरा हळू बोला. मी काशाची वाटी बोलतेय, आणि आत माणूस झोपलंय. माझं सगळं आयुष्य माणसांना झोपवण्यात गेलं, तेव्हा एवढा दम भरायचा अधिकार मला नक्कीच आहे.

तांबं आणि कथील एकत्र वितळवून नाशिकच्या एका कारागिरानं मला घडवलं. स्टील तेव्हा घरोघर शिरलं नव्हतं, त्यामुळे आमचा थाट होता. सरुबाईचे वडील लेकीच्या लग्नासाठी भांडी घ्यायला भांडीबाजारात आले. त्यांनी मला हातात घेऊन टिचकी मारली, कान लावून माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही द्या." दुकानात इतक्या वाट्या होत्या, पण उचललं मला. याचा मला अजून तोरा आहे.

सरुबाईबरोबर मी पंचवटीतल्या तिच्या सासरी आले. तिचा नवरा चिमाजी. घर गल्लीत आणि फुलांचा मळा मखमलाबादच्या बाजूला. झेंडू, शेवंती, गुलाब, जे त्या त्या दिवसांत येईल ते. दिवसभर वाफ्यांत उभं राहून चिमाजीच्या पायांची नुसती आग व्हायची. मग सरुबाई त्याच्या तळव्यांना तूप चोळायची आणि मला त्यावर गोल गोल फिरवायची. हळूहळू तूप काळं पडायचं.

"बघा, केवढी उष्णता निघाली!" ती म्हणायची.

आता तुम्हाला म्हणून सांगते, तो काळा रंग माझ्याच अंगाचा. तुपाबरोबर मला घासलं की तो सुटतोच. पण तोवर चिमाजी घोरायला लागलेला असायचा, मग कशाला कुणाला खोटं पाडा? चिमाजी झोपला, त्याचे वडील झोपले, तापानं किरकिरणारा लहानगा राज झोपला. माझ्यापुढे कुणाची मात्रा चालली नाही.

पुढे घरात पंखा आला, फोमची गादी आली, आणि मी फळीवर गेले. बरं, तिथं तरी मान ठेवावा! कुणी माझ्यात तुटकी बटणं टाकली, कुणी सेफ्टी पिना. आख्खं घर झोपवणारी मी, पिना सांभाळत बसले. मला फार राग यायचा. पण काशाच्या वाटीचा राग विचारतो कोण?

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास राजचं लग्न झालं आणि सुवर्णा घरात आली. राज अंबडला कारखान्यात होता आणि सुवर्णा शहरातल्या एका दवाखान्यात नर्स. शिकलेली सून आली म्हणून सरुबाईनं गल्लीभर पेढे वाटले. मग सुवर्णाला कायमची रात्रपाळी लागली आणि पेढ्यांची गोडी उतरली.

कारण सरुबाईचा एक नियम होता. सूर्य वर असताना बाईमाणसानं पाठ टेकायची नाही. ती स्वतः अंगात ताप असताना हार ओवत बसलेली मी पाहिलीय. राजला रात्रपाळी असली की मात्र हेच घर दिवसा चवड्यांवर चालायचं. कुकरसुद्धा लावायचे नाहीत. पुरुषाचं वेगळं, असं सरुबाई म्हणायची. झोप सगळ्यांना सारख्याच डोळ्यांनी लागते, पण परवानगी मात्र माणूस बघून मिळते, ही माणसांची रीत मला कधी कळली नाही.

सुवर्णा सकाळी घरी यायची, आंघोळ करून पोळ्या लाटायची आणि मग आतल्या खोलीत आडवी व्हायची. तेवढ्यात देवळाची घंटा. मग स्कूटरचे हॉर्न. मग सोमा भाजीवाला आमच्याच दारासमोर हातगाडी उभी करून "मेथीऽऽ, कोथिंबीऽऽर" असा सूर लावायचा. त्यातून डोळा लागलाच, तर सरुबाई दारातून म्हणायची, "सुवर्णा, फुलं निवडायची राहिलीत गं."

होता होता तिची झोपच रुसली. गल्ली शांत असली तरी येईना. तिनं कानात कापूस घातला, डोळ्यांवर ओढणी बांधली, दुधात जायफळ उगाळून घेतलं. सरुबाईची मोठी नणंद बयाबाई वणीला असायची, तिनं गडावरचा अंगारा पाठवला. कशाचाही उपयोग झाला नाही. पोरगी उघड्या डोळ्यांनी पत्र्याकडे बघत पडायची आणि मी फळीवरून तिच्याकडे. खाली उडी मारावी असं वाटायचं, पण आम्हाला पाय दिलेत कुठे!

एका सकाळी ती आली ती सरळ चुलीपाशी बसली.

"आई, मी नोकरी सोडते."

सरुबाई फुलं निवडत होती. "का गं? कुणी काय बोललं का?"

"आज पहाटे भलतंच औषध सुईत भरलं मी. पेशंटच्या दंडाला कापूस लावला तेव्हा लक्षात आलं."

"मग? दिलं का?"

"नाही दिलं. पण उद्या देईन. डोळ्यांपुढं अंधारी येते, आई. एवढं आवडतं काम, पण माझ्या हातून कुणी गेलं तर?"

सरुबाईचा हात फुलांतच राहिला. "कोण व्हतं ते? ज्याला सुई द्यायची व्हती?"

"एक बाई. तुमच्याच वयाच्या."

सरुबाई उठली, स्टूल ओढून स्वतः वर चढली आणि मला खाली काढलं. पिना परातीत ओतल्या. चिंचेनं मला असं घासलं, की कित्येक वर्षांनी मी माझा खरा रंग पाहिला. मला रडू येत होतं आणि हसूही.

"आडवी व्हय. पाय इकडं कर."

सुवर्णानं झटकन पाय पोटाशी घेतले. "आई, काहीतरीच काय! तुम्ही माझे पाय धरणार? पाप लागेल मला."

"लागायचं ते मला लागू दे. माझं वय झालंय, खपून जाईल. कर पाय इकडं."

तिचे तळवे मला आजही आठवतात. रात्रभर उभं राहून सुजलेले, टाचा दगडासारख्या कडक. मी जीव तोडून फिरले. तूप काळं झालं, सरुबाईचा हात भरून आला, पण सुवर्णा संकोचानं लाकडासारखी ताठ. त्या दिवशी मी हरले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

पण सरुबाई हरणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती कमरेला पदर खोचून गल्लीत उतरली आणि सोमाच्या गाडीला आडवी झाली.

"सोमा, इथनं पुढं आमच्या दारापुढं तोंड बंद."

"मावशी, मंग मेथी खपंल कशी?"

"मी खपवते तुझी मेथी. पन आवाज नाय पायजे. सून झोपलीय माझी."

गल्लीतल्या बायांनी माना वळवल्या. भरदिवसा झोपलेली सून, आणि सांगतेय कोण, तर सरुबाई! पोरांना तिनं घाटावर खेळायला पिटाळलं. चिमाजीला म्हणाली, "तुमचा खोकला मळ्यात घेऊन जा." बिचारा गेलाही. आणि रोज सकाळी ती मला घेऊन सुवर्णाच्या पायाशी बसू लागली. हळूहळू ते पाय सैल पडले. डुलकी लागू लागली, पण कच्ची. चिमणी चिवचिवली तरी मोडायची.

अशात एके दिवशी न कळवता बयाबाई आली. हिच्या जिभेला सगळे पाहुणे टरकून असायचे. नवी नवरी होती तेव्हापासून सरुबाईला तिच्यापुढे मान वर करून बोलायची छाती नव्हती. बयाबाई थेट आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सरू! सुनेचे पाय धरलेस?"

सरुबाईचा हात थांबला. मी सुवर्णाच्या टाचेवर तशीच टेकून राहिले. आता ही मला पदराखाली लपवणार, असंच मला वाटलं. मग तो हात पुन्हा फिरू लागला.

"हळू बोला आक्का. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"अगं, पन लोक काय म्हनतील? गावभर हसं व्हईल!"

"व्हऊ द्या. रातभर दुसऱ्यांची मानसं जगवून येत्यात हे पाय. देवळात रोज वाकते मी. इथं वाकले, तर काय कमी झालं माझं?"

कुणी टिचकी न मारताच मी वाजले असते, इतका आनंद झाला मला.

बयाबाई मटकन खाली बसली. मग इकडेतिकडे पाहून तिनं हळूच आपले पाय पुढे केले. "मला बी लय दिस झोप नाय गं, सरू. कुनाला सांगितलं नाय."

सरुबाईनं मला उचललं. तूप काळं पडायच्या आत बयाबाई तिथंच भिंतीशी आडवी झाली आणि असं घोरायला लागली, की फळीवरचे डबे थरथरले. सरुबाईनं घाबरून सुवर्णाकडे पाहिलं. चिमणीनं जागी होणारी ती पोर! तिनं कूसही बदलली नाही. तोंड किंचित उघडं ठेवून लहान मुलासारखी गाढ झोपली होती. सरुबाईनं मला छातीशी धरलं. आम्ही जिंकलो होतो.

सुवर्णानं नोकरी सोडली नाही. बयाबाईनं ही गोष्ट पाहुण्यांत पोचवलीच, पण "आमच्या सरूनं" म्हणत, मिरवत. पुढे सुवर्णा वॉर्डाची इन्चार्ज झाली, रात्रपाळी संपली. मी पुन्हा फळीवर जाणार असं वाटलं, पण तसं झालं नाही. चिमाजी गेला आणि सरुबाईची झोप त्याच्याबरोबर गेली. रात्र रात्र ती अंथरुणावर बसून राहू लागली, तेव्हा सुवर्णानं मला हातात घेतलं.

आज सुवर्णाला सुट्टी आहे. जेवणं झाल्यावर ती मला घेऊन सासूच्या पायाशी बसली.

"पाय इकडे करा, आई."

"आत्ता? दिवसाढवळ्या?"

"दिवसाढवळ्या. पेशंटनं सिस्टरशी वाद घालायचा नसतो."

मी आता झिजलेय. कड पातळ झालीय, एका बाजूला पोचाही आहे. पण हात जुन्या ओळखीचे असले की फिरायला काही लागत नाही. तुमच्याही फळीवर माझी एखादी बहीण पिना सांभाळत बसली असेल. तिला खाली काढा, आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जे आडवं होतं, त्याचे पाय आधी धरा.

सोमाची गाडी आली वाटतं. आता त्याचे केस पिकलेत. आमच्या दारापुढे आल्यावर त्यानं मेथीची हाळी आपणहून बंद केलीय. सूर्य चांगला डोक्यावर आलाय, आणि माझी सरुबाई घोरतेय.