न टिपलेलं उत्तर

स्टेनोबाईंची पेन्सिल थांबत नाही, असं सभागृहात सगळेच म्हणायचे. मंत्री अडखळोत, विरोधक ओरडोत, कुणी टेबलावर मूठ आपटो, बाई आपल्या मान खाली घालून टिपतायत. बावीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. जो बोलेल त्याचं त्यांना पटायचं. पहिल्याचं ऐकलं की पहिला बरोबर, दुसरा उभा राहिला की तोही बरोबर. त्यांचं स्वतःचं मत कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मला पगार ऐकायचा मिळतो बाबा, बोलायचा नाही." लोक हसायचे, आणि बाई सुटायच्या.

त्या वर्षी समितीपुढे प्रश्न आला तो मुलांचा. अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत, अगदी पंधराव्या वर्षीही, पालकांच्या सहीने जन्मदाखल्यावरचं 'मुलगा' किंवा 'मुलगी' बदलू द्यावं की नाही? सहा आठवडे साक्षी चालल्या. डॉक्टर येऊन गेले, मास्तर येऊन गेले. एका आईने सांगितलं, "माझ्या लेकीने घाई केली. आता मागे फिरायचं तर तिला तोंड दाखवायची लाज वाटते. कुणीतरी तिला थांब म्हणायला हवं होतं." एका बापाने सांगितलं, "आम्ही थांब, थांबच म्हणत राहिलो. पोरगं शाळा सोडून घरात बसलं." दोघंही रडले. बाईंनी दोघांचाही शब्द न् शब्द टिपला आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात मान डोलावली.

आणि घरी ठेंगू होता.

ठेंगू म्हणजे त्यांचं एकुलतं एक. टेबलाखालून ताठ मानेने जायचा तेव्हा मामाने ठेवलेलं हे नाव. आता पंधराव्या वर्षी तो आईपेक्षा चार बोटं उंच होता. वडील तो पाऊल टाकायला लागायच्या आतच गेले. दाखल्यावर तो मुलगी होता. घरात, गल्लीत आणि मामाच्या तोंडी दोन वर्षं मुलगा. बाईंनीच त्याला शर्ट आणले, केस कापायला त्याच घेऊन गेल्या. पण वार्षिक परीक्षेला ओळखपत्रावरचा शब्द आणि समोरचा चेहरा यांचा मेळ बसेना, म्हणून पर्यवेक्षकाने त्याला अर्धा तास वर्गाबाहेर उभं केलं. त्या दिवशी तो जेवला नाही. तेव्हापासून त्याने कागदाचा विषय लावून धरला.

"बघू," बाई म्हणायच्या.

"बघू म्हणजे काय, आई?"

"बघू म्हणजे बघू!"

शेवटी एका सकाळी तो चहाचा कप बाजूला सारून म्हणाला, "समिती पालकांनाही बोलावते. मी बोलायला नाव दिलंय. तू माझ्याबरोबर ये. हो म्हण, नाही म्हण, तुला वाटेल ते म्हण. पण माझ्या शेजारी उभी राहून म्हण."

बाईंनी सचिवांना विचारलं. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "एक दिवस रजा घ्या, मी दुसरं माणूस बसवतो." अर्ज लिहून झाला. दोन दिवस तो पर्समध्ये राहिला. द्यायला निघाल्या की साक्षीला आलेल्या त्या आईचे डोळे आठवायचे, ठेवून दिला की त्या बापाचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो फाडला आणि घरी येऊन सांगितलं, "रजा मिळत नाहीये रे. नियम आहे तसा."

"मिळतच नाही?"

"नाही."

"बरं. मग मामाला विचारतो," तो म्हणाला. मामा मोटार चालवायला शिकवायचा. त्याने दोन शिकवण्या रद्द केल्या आणि शर्टाला इस्त्री केली.

साक्षीच्या दिवशी अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे सुरुवातीला नियम वाचून दाखवले. मुलं बोलत असताना टेप बंद राहील, फक्त हाताने नोंद होईल. वेळ दहा मिनिटं. "आणि सभागृहाच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाला पालक म्हणून बोलायचं असल्यास त्यांना त्या दिवसाची रजा दिली जाईल, हे सर्वांना आधीच कळवलेलं आहे." बाईंनी वाक्य टिपलं, आणि पूर्णविराम दिल्यावर आपण काय लिहिलं ते त्यांना कळलं. त्यांनी वर पाहिलं. तिसऱ्या रांगेतून ठेंगू त्यांच्याकडेच बघत होता. तो रागावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

तो बोलला मात्र छान. "मला उद्याच बदलून द्या असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "वर्षभर थांबवा, दोनदा विचारा, डॉक्टरांना विचारा. पण ठरेपर्यंत मला दाराबाहेर उभं करू नका." बाईंचा ऊर भरून आला, आणि पेन्सिल चालत राहिली.

अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "सोबत कोण आलंय?"

"मामा."

"वडील?"

"नाहीत. मी लहान असतानाच गेले."

"आणि आई?"

"आई आली नाही."

मन नको म्हणेपर्यंत हात लिहून मोकळा झाला होता. आई आली नाही. अध्यक्षांनी पुढे विचारलं, "तिचं यावर काय मत आहे?" तेवढं बाईंनी टिपलं, आणि पेन्सिल थांबली. ठेंगूने काहीतरी उत्तर दिलं. मामाने खाली बघितलं. बाईंच्या कानात नुसतं घूं घूं होत होतं. भानावर आल्या तेव्हा पुढचा प्रश्न सुरू झाला होता.

ऐकू आलं नाही ते अंदाजाने लिहायचं नाही, हा या कामातला पहिला धडा. तिथे टिंबं द्यायची. साक्ष देणाऱ्याने टंकलेली पानं वाचून ती जागा आपल्या हाताने भरायची आणि प्रत्येक पानावर सही करायची. बावीस वर्षांत बाईंनी पहिल्यांदा टिंबं दिली.

पानं एरवी टपालाने जात. ही बाईंनी स्वतः घरी आणली. साक्षीपासून तीन दिवस घरात "मीठ दे" आणि "दार लाव" याखेरीज बोलणं नव्हतं. बसमध्ये त्यांनी काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. मी खोटं बोलले. भ्याले रे. हो म्हणून चुकलं असतं तर तू पुढे मला दोष दिला असतास, नाही म्हटलं असतं तर आत्ताच. म्हणून गप्प बसले. पण तुला दाराबाहेर मीच उभं केलं, त्या पर्यवेक्षकाने नव्हे.

ठेंगूने खिडकीजवळ बसून पानं सावकाश वाचली. एका जागी थांबला.

"हे काय, आई? तुझ्याकडून सुटलं?"

"ऐकू नाही आलं."

त्याने पेन काढलं. मग टिंबांवर नीट, सुटं सुटं लिहिलं, सही केली आणि पान त्यांच्याकडे फिरवलं.

'माहीत नाही. मी तिला विचारलं होतं.'

बाईंनी तोंड उघडलं.

"अक्षर लागतंय ना?" तो म्हणाला. "हे छापायला जाणार आहे."

"लागतंय," बाई म्हणाल्या.

त्याने पेनाला टोपण लावलं, पण उठला नाही. बसून राहिला. पोर थांबलं होतं, चांगलं मिनिटभर थांबलं होतं, हे पुढे बाईंना जन्मभर छळत राहिलं. बोलायचं सगळं ओठांवर तयार होतं, आणि त्या मिनिटात स्टेनोबाईंनी मान खाली घालून पानांचे क्रमांक तपासले.