पेवात निजलेल्या बाटल्या

मित्रांनो, मी एक जुना खड्डा आहे. रस्त्यातला नव्हे. रस्त्यातल्या खड्ड्यांचे फोटो पेपरात येतात, त्यांच्यासाठी मोर्चे निघतात, निवडणूक जवळ आली की त्यांच्या अंगावर नवं डांबर चढतं. माझं तसलं काही नाही. जत तालुक्यातल्या एका घराच्या अंगणात, एका जाड फरशीखाली, मी पन्नास-साठ वर्षं गुमान बसून आहे. माझ्या हुद्द्याला पेव म्हणतात. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. तोंड एका माणसापुरतं आणि पोट पाटलाचं. 'शिकवण्यांचं पेव फुटलं' असं लोक बिनदिक्कत लिहितात, पण त्यातल्या किती जणांनी खरं पेव पाहिलंय, हे एकदा विचारून बघायला हवं.

मला डोळे नाहीत. पण वर कोण चाललं, कोण रुसलं, कुणी ताट आपटलं, हे सगळं मातीतून माझ्यापर्यंत येतं. त्यामुळं मी जे सांगणार आहे ते ऐकीव आहे, हे आधीच कबूल करतो.

मला खणलं ज्ञानू धनगरानं. वर्षातले आठ महिने मेंढरांमागं गावोगाव फिरणारा माणूस. परत आल्यावर घरात खायला जोंधळा असावा, एवढंच त्याचं मागणं होतं. कडक पांढरी माती बघून त्यानं मला दोन पुरुष खोल उतरवलं. मग आत कडबा पेटवून चांगलं भाजून काढलं. आजकाल याला प्रशिक्षण म्हणतात. नंतर शेणानं सारवलं, गव्हाच्या काडाचं अस्तर लावलं आणि पहिला जोंधळा ओतायच्या आधी घरातल्या नव्या सुनेनं माझ्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं. त्या सुनेचं नाव हरणाबाई. हे नाव लक्षात ठेवा.

माझी नोकरीची वर्षं चांगली गेली. पाऊस दडी मारायचा, आमच्या भागात त्याला ती सवयच आहे. गावात टँकर यायचा, त्याच्यामागं भांडणं यायची, आणि मग एका सकाळी माझ्यावरची फरशी सरकायची. आतला जोंधळा कडेकडेनं तांबूस झालेला असायचा, त्याला एक जुनाट वासही यायचा, पण त्याच्या भाकरी व्हायच्या आणि पोरं गप झोपायची. लोक म्हणायचे, "ज्ञानूचं पेव हाय म्हणून बरं." ही माझी सगळी कमाई.

पुढं रेशनचे गहू आले, पत्र्याच्या कोठ्या आल्या. हरणाबाईचा मुलगा आप्पासो फौजेतून हवालदार होऊन घरी आला आणि त्यानं अंगणाची पाहणी केली. पाहणीत मी नापास झालो. माझ्यावर मोटारसायकल उभी राहू लागली. शेवटी आप्पासोनं मुरमाची एक ट्रॉली मागवून अंगणाच्या कडेला ओतून ठेवली. मला बुजवून वर सिमेंट करायचं ठरलं. माझी काही हरकत नव्हती. हरकत घ्यायला कुणी विचारावं लागतं.

तेवढ्यात घरात वाइन आली.

मित्रांनो, तुम्ही लहान असाल तर हा भाग मोठ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. आप्पासोची मुलगी समीक्षा नाशिककडं जाऊन वाइन बनवायचं रीतसर शिकून आली होती. तिच्या हट्टापायी बापानं अर्ध्या एकरात वाइनची द्राक्षं लावली. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात कुणी तोंडात धरणार नाही असा माल. त्या वेलींसाठी पोरीनं तीन वर्षं उन्हातान्हात काढली. एका लहान कारखान्यातून त्या द्राक्षांची वाइन करून घेतली आणि दोन खोकी घरी आणली. कागदपत्रं पुरी होती. आप्पासोनं ती दोनदा तपासली.

वाइनचा व्यवसाय करणारे वीरधवल नावाचे एक गृहस्थ ती चाखायला येणार होते, पण लगेच नव्हे. "तुमच्याकडच्या उन्हाळ्यातून निघालेली बाटली मला प्यायचीय," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. "जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. जमली तर दरवर्षी तुमची द्राक्षं घेईन." आणि आप्पासोनं लेकीला सांगून ठेवलं होतं, "न्हाई जमलं तर वेली उपटायच्या. बेदाण्याची बाग लावतो. रडायचं न्हाई."

म्हणजे प्रश्न एवढाच होता, की जतच्या उन्हाळ्यात घरातल्या घरात बाटल्या ठेवायच्या कुठं?

समीक्षाचा भाऊ सूरज सांगलीत फर्निचरचं दुकान चालवतो. तो सुट्टीला येताना एक शोकेसच घेऊन आला. काचेचं, आत रंग बदलणारे दिवे. ते त्यानं टीव्हीशेजारी, दाराच्या बरोबर समोर उभं केलं.

"दादा, हिला उजेड चालत नाही," समीक्षा म्हणाली. "गरमी चालत नाही, हादरे चालत नाहीत."

"मग दिसणार कशी?"

"दिसायचीच न्हाई."

"मग आणलीस कशाला?"

बाटल्या तूर्त शोकेसात गेल्या. पोरीनं त्या आडव्या ठेवल्या. संध्याकाळी आप्पासोनं सगळ्या उभ्या केल्या, तीन रांगांत, सारख्या अंतरावर.

"पप्पा, आडवी ठेवली की बूच ओलं राहतंय. उभी ठेवली की वाळतंय, मग आत हवा शिरती."

"आडवी बाटली म्हंजे रिकामी बाटली. गटाराच्या कडंला जाऊन बघ, सगळ्या आडव्याच."

"पण ह्या भरलेल्या हायत."

"फौजेत सगळं उभं असतंय."

"झोपताना पण?"

आप्पासो आधीच कमी बोलणारा. यावर त्यानं बाटल्यांच्या रांगा पुन्हा सरळ केल्या.

मग घरभर जागा शोधणं सुरू झालं. फ्रीज थरथरत होता आणि त्यात ताकाची बरणी हलायला तयार नव्हती. माळा पत्र्याखाली, तिथं पापड भाजले असते. कॉटखाली हरणाबाईची ट्रंक. देवघर तेवढं गार होतं.

"बिरोबाच्या शेजारी ठेवतीस व्हय?" हरणाबाई म्हणाली. "त्याला इचारून ये आदी."

एप्रिलमध्ये पहिली बाटली रडली. बूच वर सरकलं आणि लाल ओघळ बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर आला. समीक्षा त्या दिवशी जेवली नाही. दुपारी अंगणात येऊन तिनं मोटारसायकल ढकलली, पहारीनं माझ्यावरची फरशी जराशी उचकली आणि फटीतून दोरीला बांधलेलं तापमापक आत सोडलं. कित्येक वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी आलं. ते धान्य नव्हतं, पण मी तक्रार केली नाही.

वर शोकेसात अडतीस होतं. माझ्याकडं सव्वीस. तिनं संध्याकाळी पाहिलं, सकाळी पाहिलं, तरी सव्वीसच. "पुस्तकात चौदा लिहिलंय," ती स्वतःशीच म्हणाली, "पण हे हलत तरी न्हाई." मित्रांनो, न हलणं हा माझा एकमेव गुण आहे, आणि तोवर त्याची दखल कुणी घेतली नव्हती.

बाटल्या पेवात ठेवायच्या म्हटल्यावर आप्पासोला मुरूम वाया जाण्याचं दुःख झालं, पण हरकत नव्हती. हरकत हरणाबाईची होती.

"न्हाई. ती जोंधळ्याची जागा हाय."

"आज्जी, नुसत्या बाटल्या. दोन महिने."

"त्या पेवानं हे घर जगीवलंय. दारू ठिवायला न्हाई खणलं माझ्या सासऱ्यानं."

"ठेवली न्हाई तर वेली जातील माझ्या."

मग हरणाबाईनं विचारलं, "ही प्याल्यावर माणूस काय करतंय?"

"थोडं बोलायला लागतंय."

"मग आदी तुझ्या बापाला पाज." मग ती माझ्या फरशीवर येऊन बसली. "हे बघ, त्या पेवात जोंधळ्याबिगार आमी कवाच काय ठिवलं न्हाई. यंदाची चार पोती पडल्यात कोठीजवळ. ती आत घाल. जोंधळ्यात तुझं काय निजवायचं ते निजव. मोकळं पेव मी हिच्यासाठी देणार न्हाई."

समीक्षानं बाटल्या ठेवायला लाकडी घडवंचीचा विचार केला होता. ती माझ्या तोंडातून आत गेलीच नसती. जोंधळ्याची गादी तिला ऐकता ऐकताच पटली. बाटली हलणार नाही, कलणार नाही, उजेड दिसणार नाही. फक्त माझा तो जुनाट वास बुचाला लागू नये म्हणून तिनं प्रत्येक बाटलीचं तोंड मेणात बुडवून काढलं.

आता हे नीट वाचा. बंद पेवातली हवा माणसाला मारते. म्हणून फरशी काढल्यावर आधी कंदील आत सोडतात. त्या दिवशी सोडलेला कंदील माझ्या गळ्याशीच विझला. मग आप्पासोनं दोरीला घोंगडं बांधून दुपारभर खालीवर केलं, घाम गाळला, आणि दुसऱ्यांदा सोडलेला कंदील तळापर्यंत जळत आला. उतरायला तो स्वतःच निघाला होता, पण माझं तोंड त्याच्या फौजेतल्या मापाचं होतं, पेन्शनीतल्या नव्हे. उतरली समीक्षा. वरून जोंधळा येत राहिला आणि ती बाटल्यांची एक एक ओळ निजवत राहिली. फरशी बसली, कडेनं माती लिंपली आणि हरणाबाईनं सवयीनं हळदकुंकू वाहिलं. नंतर म्हणाली, "जोंधळ्याला वाहिलंय. बाकीच्यांनी समजून घ्यावं."

आप्पासोनं मात्र दोन बाटल्या शोकेसात ठेवून घेतल्या. उभ्या. "पाव्हणं आल्यावर दिसाय पायजेत," म्हणाला.

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा. वर लाईट जायची, कूलरच्या पाण्यावरून भांडणं व्हायची. खाली जोंधळा आणि बाटल्या शेजारी शेजारी निजल्या होत्या. कुणी कुणाची जात विचारली नाही.

वीरधवल ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आले. समीक्षा मळ्यात होती. आप्पासोनं पाहुणचारात कमी पडायचं नाही म्हणून शोकेसातली बाटली फोडली आणि स्टीलच्या पेल्यात ओतली. पाहुण्यांनी घोट घेतला.

"अच्छा," ते म्हणाले. पेला खाली ठेवल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. "निघतो मी. आटपाडीला एक डाळिंबवाले थांबलेत."

तेवढ्यात धावत आलेली पावलं मी ओळखली. समीक्षानं पेला हुंगला असावा.

"पप्पा, ही कुठली?"

"शोकेसातली."

"साहेब, ही ती नव्हे. ती खाली आहे, पेवात."

"मग काढा की."

"लगेच नाही निघत. हवा खेळायला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळ होईल."

"संध्याकाळपर्यंत नाही थांबता येणार मला," पाहुणे म्हणाले. खुर्ची सरकली.

तीन वर्षं त्या खुर्चीबरोबर सरकली. मी खाली तयार होतो, पण मला वर जाता येत नाही.

"पाव्हणं," हरणाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "गाव कंचं तुमचं?"

"मूळ औंध, आजी."

"म्हंजे यमाईच्या डोंगराच्या पायथ्याचं. तर मग ऐका. आमच्या उंबऱ्यातनं अजून कोण उपाशी गेलं न्हाई. तुमच्यापास्नं सुरू करायचं असंल तर जावा."

खुर्ची परत जागेवर आली.

मग भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. इकडं फरशी निघाली, घोंगडं खालीवर झालं. पाहुणे जेवले, आप्पासोकडून वेली उपटायचा बेत ऐकला, सोप्यात आडवे झाले, घोरलेसुद्धा. उन्हं कलताना कंदील तळापर्यंत जळत उतरला आणि त्याच्यामागून समीक्षा आली. तिनं जोंधळ्यात कोपरापर्यंत हात घातला. पहिली बाटली हाताला लागताच तिनं ती वर दिली.

बूच निघाल्याचा आवाज मी ऐकला. वाइन पेल्यात पडल्याचाही. पेला खाली ठेवल्याचा आवाज मात्र आला नाही. मी वाट पाहत राहिलो. तो येतच नव्हता. म्हणजे पेला अजून पाहुण्यांच्या हातात होता.

"आप्पासो," शेवटी ते म्हणाले, "वेली काढू नका."

"बरं," आप्पासो म्हणाला. थोड्या वेळानं शोकेसाचं दार वाजलं आणि उरलेली बाटली काचेवर हळूच आडवी झाली. हरणाबाईनं पेला नुसता हुंगला. "आमची आंबील बरी," असा तिचा निकाल पडला. आटपाडीचे डाळिंबवाले त्या दिवशी थांबलेलेच राहिले.

मुरूम पुढं मळ्याच्या वाटेवर पडला. आता दरसाल माझ्या पोटात जोंधळा असतो आणि त्याच्या कुशीत बाटल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी वाइन असेलच असं नाही, पण जुनं पेव, आड, एखादी अंधारी खोली असू शकेल. बुजवायची असेल तर बुजवा, मालक तुम्ही. फक्त त्याआधी ती काय करू शकते, हे एकदा बघा. आम्हाला भाडं लागत नाही, लाईट लागत नाही. कुणीतरी भरवसा ठेवून काहीतरी आमच्यापाशी ठेवावं, एवढंच लागतं. माझ्यापाशी ठेवलं गेलं, म्हणून मी या घराचा ऋणी आहे, आणि सगळ्यांत जास्त त्या म्हातारीचा. पण हे तिला सांगायचं कसं, हे मला उमगत नव्हतं.

त्या पहिल्या वर्षी पाहुणे गेल्यावर सगळा माल काढून घरच्यांनी मला झाडून घेतलं. फरशी बसवायच्या आधी हरणाबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि माझ्या मोकळ्या पोटात वाकून म्हणाली, "उन्हाळा काढलास. बरं केलंस."

पेवाला स्वतःचे शब्द नसतात. जे आत येतं तेच ते परत देतं.

"उन्हाळा काढलास," मी म्हणालो. "बरं केलंस."