पदरात बांधलेलं वचन

मित्रांनो, मी एक जुनी वचनपेटी आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार दमले आहे. लातुरात एका भाड्याच्या खोलीत कपाटाच्या माथ्यावर मी पडून असते. माझ्या डोक्यावर औषधाची बाटली ठेवतात, कधी तुटका कंगवा ठेवतात. मी कुरकुर करत नाही. म्हणजे, थोडी करते.

वचनपेटी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. काही ख्रिस्ती घरांत अशी छोटी लाकडी पेटी असते. तिच्यात कागदाच्या बारीक पुंगळ्या उभ्या भरलेल्या असतात आणि प्रत्येक पुंगळीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एकेक वचन लिहिलेलं असतं. वचन म्हणजे देवानं माणसाला दिलेला शब्द. सकाळची प्रार्थना झाली की डोळे मिटून एक पुंगळी उचलायची, वाचायची, दिवसभर मनात धरायची आणि मग परत ठेवायची. एवढंच माझं काम.

मला उदगीरच्या गुंडप्पा सुतारानं घडवलं. चर्चच्या दारासाठी सागवान आणलं होतं, त्यातला एक तुकडा उरला होता. गुंडप्पा काही ख्रिस्ती नव्हता. "तुमच्या देवाचं समदं बोलणं हितक्यात मावतंय व्हय?" असं चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोला, पाळकबाईंना, विचारून तो पोट धरून हसला. पण माझं झाकण त्यानं असं बसवलं की अजून डुगडुगत नाही. पाळकबाईंनी वळणदार अक्षरात वचनं लिहिली, पट्ट्या कापून गुंडाळल्या आणि मला लग्नाची भेट म्हणून देऊन टाकलं.

लग्न होतं चाकूरकडच्या एका खेड्यातल्या चतुराबाईच्या मुलाचं. मुलगा याफेथ, एकुलता एक. नवरी एस्तेर अर्धापूरची, सातवी शिकलेली. चतुराबाईला अक्षर येत नव्हतं. म्हणून पुंगळी उचलायची सासूनं आणि वाचायची सुनेनं, असं आपोआपच ठरून गेलं.

काय थाट होता माझा तेव्हा! शेजारची जगदेवी कपाळाला विभूती लावून यायची आणि म्हणायची, "माझ्या नावानं बी एक काढ की गं. देव काय जात इचारून बोलतो का?" आणि एक गंमत सांगते. कडक वचन निघालं की लोक हळूच ते परत खुपसायचे आणि दुसरं काढायचे. अरे, देवाची वचनं म्हणजे काय बाजारातली वांगी आहेत, दाबून बघून निवडायला? पण मी गप्प बसायची. पेटीचं ऐकतो कोण!

मग तो मोठा दुष्काळ पडला. आडाच्या तळाला चिखलसुद्धा उरला नाही. याफेथ कामाच्या शोधात निजामाबादकडे गेला. "पुनरुत्थानाच्या सणाला येतो, माय," असा ईस्टरचा वायदा करून गेला आणि गेला तो गेलाच. त्याचा ना निरोप, ना सांगावा. गावातली माणसं सरकारी कामावर तलावाची माती वाहू लागली. सासू-सुनाही तिथंच जायच्या. दुपारी कामावर सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा खाऊ, वाटायचे, कोरडी, गोडसर. तेवढंच पोटभर खाणं.

अशात उपवासकाळ आला. सणाआधीचे हे दिवस ख्रिस्ती माणसं उपास आणि प्रार्थनेत काढतात. त्या साली मात्र उपास निराळा धरायची गरजच नव्हती.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच सकाळी, चतुराबाईनं माझं झाकण उघडलं. "देवा, आज माझ्या पोराचं कायतरी सांग," असं पुटपुटत तिनं पुंगळी उचलली आणि सुनेच्या हातात दिली. एस्तेरनं ती उलगडली. एखादी आई एक वेळ लेकराला विसरेल, पण देव तुला विसरायचा नाही, अशा अर्थाचं ते वचन होतं.

एस्तेरनं वर पाहिलं. म्हातारीचा चेहरा असा आसुसलेला होता की कुणाचंही काळीज हललं असतं. आणि एस्तेर बोलून गेली, "आत्या, लिहिलंय की तुझा मुलगा सणाच्या आत घरी येईल."

मित्रांनो, माझा जीव नुसता तळमळला! माझ्या पोटात असलं वचन कधी नव्हतंच. पण मी लाकडाची. मला ओरडता येतंय थोडंच?

चतुराबाईनं ती पुंगळी परत ठेवली नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "ही माझ्यापाशी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "देवानं शबुद दिलाय."

त्या दिवसापासून चतुराबाई सुकडी खाईना. कामावर वाटलेली सुकडी पदराआड घरी आणायची, आणि विचारलं की म्हणायची, "माझा उपास हाय." एस्तेरला वाटलं, म्हातारीची भक्ती वाढली. मलाही तसंच वाटलं. रोज सकाळी एस्तेर काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. सासूच्या गालाची हाडं वर आली. टोपली उचलताना तिचे पाय लटपटू लागले. सण जवळ येत चालला आणि ती मात्र खुशीत. अंगण काय झाडत होती, याफेथचं अंथरूण काय उन्हात टाकत होती!

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, घरात प्रभूच्या मरणाची प्रार्थना झाल्यावर, चतुराबाई उठायला गेली आणि दाणकन खाली पडली. जगदेवी धावत आली. दोघींनी तिला भिंतीला टेकवून बसवलं. तोंडात घालायला काही मिळतं का म्हणून एस्तेर उतरंड धुंडाळू लागली, तर मागच्या एका मडक्यात सुकडी भरलेली. गळ्यापर्यंत.

"आत्या, हे काय?"

"याफेथसाठी हाय," चतुराबाई म्हणाली. "त्यो उपाशी येईल. आज-उद्या येईलच की, देवानं सांगितलंय."

एस्तेर मडकं घेऊन तिथंच मटकन बसली. रडत रडत म्हणाली, "आत्या, तसं लिहिलंच न्हवतं. तुमचं तोंड बघून म्या माझ्या मनानं वाचलं."

मला वाटलं, म्हातारी आता तिला घराबाहेर काढते. जगदेवी मध्ये पडली, "जाऊ दे बाई, मायेपोटी बोलली ती."

"तू गप," चतुराबाई म्हणाली. मग सुनेकडे वळली. "देवाच्या तोंडात आपलं बोलणं घालू न्हाई, पोरी. म्या त्याच्याच भरवशावर हाय ना?" तिनं पदराची गाठ सोडली. बोटांत बळ नव्हतं, गाठ दातांनी सोडली. "घे. आता वाच. जसं लिहिलंय तसं."

एस्तेरनं वाचलं. एकही शब्द तिनं गाळला नाही.

"आई इसरती व्हय?" चतुराबाई एकदम उसळली. "कोण आई लेकराला इसरती? देवाला आयांचं काय म्हाईत!" आणि ढसाढसा रडू लागली. मला तर धडकीच भरली. आजवर माझ्यासमोर कुणी देवाशी असं भांडलं नव्हतं.

रडणं ओसरलं तेव्हा तिनं विचारलं, "आन् त्यो माझ्यापरीस जास्ती ध्यान ठिवतो म्हणतोय?"

"हाव, आत्या."

"मंग याफेथ जिथं आसंल तिथं त्याला बी इसरला न्हाई त्यो." तिनं डोळे पुसले. "येईल म्हणून न्हाई सांगितलं त्यानं. इसरलो न्हाई म्हणून सांगितलंय. आण ती सुकडी. दोघी खाऊ. जगदेवी, तू बी बस."

एस्तेर दचकली. "आज उत्तम शुक्रवार हाय, आत्या. उपास..."

"उपास देवासाठी आसतो. म्या पोरासाठी उपाशी ऱ्हाऊन देवाचं नाव सांगून राहिले होते. तू एकटीच खोटं न्हाई बोललीस."

तिघींनी त्या शिळ्या सुकडीवर पाणी शिंपडून ती खाल्ली.

याफेथ त्या सणाला आला नाही. पुढच्याही नाही. आजतागायत आला नाही. पाऊस आला, गाव सावरलं. एस्तेरला माहेरचे लोक दोनदा न्यायला आले, ती गेली नाही. पुढं लातूरचा जिल्हा झाला, नव्या दवाखान्यात एस्तेरला आयाचं काम मिळालं आणि ती सासूला व मला घेऊन इथं आली. चतुराबाई गेली त्या सकाळीही पुंगळी तिनंच उचलली होती. वचन कडक निघालं. एस्तेरनं ते तसंच वाचलं, आणि म्हातारी "बरं" म्हणाली.

आता मला फारसं कुणी उघडत नाही. एस्तेरला सगळी वचनं पाठ झाली आहेत, त्यामुळे तिच्यावर राग तरी कसा धरू?

पण मित्रांनो, तुमच्या घरात वाचता न येणारं एखादं माणूस असेल आणि ते विश्वासानं तुमच्या हातात कागद देईल, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून वाचू नका. कागदाकडे बघून वाचा. जे दिलेलंच नाही त्याची वाट बघत माणूस उपाशी मरतं, आणि जे दिलेलं असतं ते तिथंच, त्याच्या पदरात, न वाचता राहून जातं.