उणे खात्यावर चालणारी गिरणी

मी एक जुनी मिरचीची गिरणी आहे. येचॉनच्या बाजारात, सुकट विकणाऱ्या बोंगताईच्या दुकानाला लागून आमचा गाळा आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेले बहुतेक जण गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. जिच्या तोंडात जन्मभर मिरची ओतली गेली, तिने साखर आणायची कुठून?

माझा जन्म तेगूच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. दोन जड लोखंडी रूळ, त्यांच्यावर तिरप्या बारीक खाचा, वर पत्र्याचे नसराळे, खाली तिखट पडायची पेटी आणि अंगाला हिरवा रंग. मला या गाळ्यात आणले त्या दिवशी इथल्या रीतीप्रमाणे नव्या यंत्राच्या पूजेसाठी माझ्यापुढे उकडलेले डुकराचे मुंडके मांडले होते. लोकांनी त्याच्या तोंडात नोटा खोचल्या, माझ्या चारही पायांवर तांदळाची दारू शिंपडली आणि मला वाकून नमस्कार केला. त्यानंतर मला कोणी नमस्कार केला नाही. कामाला लावले ते लावलेच.

काम मात्र मी असे केले की विचारू नका. नोव्हेंबरात घरोघरी कोबीची तिखट किमची घालायची घाई सुरू झाली की बायका आपापल्या मिरचीची पोती घेऊन माझ्यासमोर प्लास्टिकच्या स्टुलांवर बसायच्या. डोळे चुरचुरायचे, शिंकांवर शिंका यायच्या, पण एकही बाई बाहेर जायची नाही. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळेल ही भीती! "हिच्यासारखा रंग कुठल्या गिरणीत उतरत नाही," असे त्या म्हणायच्या. ते ऐकून मी आणखी जोरात फिरायचे. कौतुकाला लोखंडही भुलते.

माझी मालकीण पिल-नाम या घरात सून म्हणून आली. पिल-नाम म्हणजे 'पुढचा मुलगाच होवो'. आईबापांनी नाव ठेवतानाच तिला नकुशी करून टाकले होते. पुढे सासरा गेला, नवरा गेला, आणि गिरणी तिच्या एकटीच्या अंगावर पडली. तिने ती चालवली. कोणाची मेहरबानी घेतली नाही.

आमची कमाई दोन वाटांनी येते. लोकांची मिरची दळून दिली तर दळणाचे पैसे, ते थोडे. खरी कमाई दुसऱ्या वाटेची. उन्हात वाळवलेली मिरची उन्हाळा सरताना शेतकऱ्याकडून एकदम विकत घ्यायची, ती दळायची आणि किमचीच्या दिवसांत तिखट विकायचे. त्यासाठी हातात आधी मोठी रक्कम लागते. ती रक्कम पिल-नामच्या उणे खात्यातून यायची. उणे खाते म्हणजे शिल्लक शून्याच्या खाली नेता येते ते. बँकेने खोली ठरवून दिलेली असते, तीन कोटी वॉन. (कोटी ऐकून दचकू नका, इथे साध्या जेवणालाही दहा हजार पडतात.) जेवढे काढाल तेवढ्यावर व्याज, आणि दर सप्टेंबरात मुदत वाढवून घ्यायची. दरवर्षी ती मुकाट वाढायची. पिल-नामने व्याज एकदाही चुकवले नव्हते.

एवढ्या वर्षांत माझे रूळ गुळगुळीत झाले. खाचा झिजल्या की मिरची कापली जात नाही, नुसती चिरडली जाते. तिखट तापते आणि काळपट पडते. जात्याला टाकी लावतात तशा माझ्याही खाचा पुन्हा पाडून घेता येतात. पण पिल-नामच्या मनात नवी गिरणी आणायचे होते. वसंतात ती बँकेत गेली आणि वाढीव कर्ज मागून आली.

बँकेने नाही म्हटले. कारण विचारले, तर संगणक नाही म्हणतोय, एवढेच उत्तर मिळाले. मित्रांनो, मीही यंत्रच आहे. पण नसराळ्यात आलेली मिरची मी कधी कारण न सांगता परत फेकली नाही.

तसे पाहिले तर मला आनंद व्हायला हवा होता. नवी गिरणी आली असती तर मी भंगारात गेले असते. मला जीवदान मिळाले होते. पण त्या दिवसापासून पिल-नामचा चेहरा असा काही उतरला की जीवदान मला गोड लागेना.

"नाही दिलं तर नाही दिलं," बोंगताई सुकट निवडता निवडता म्हणाली. "एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"नवं नाही दिलं त्याचं काही नाही गं ताई. पण आता त्यांची नजर पडली ना माझ्यावर! जुनं खातंसुद्धा उकरून बघतील. सप्टेंबरात मुदत संपतेय. तेच कापलं तर मिरची कशानं घेऊ?"

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"तेच तर! मागितलं नसतं तर ढुंकून बघितलं नसतं कोणी."

"मग ऐक माझं. त्या खात्याला हातच लावू नकोस. उलट भरून टाक सगळं. असं चकचकीत ठेव की त्यांनाच लाज वाटेल. माझ्या जावयाला बँकेतलं सगळं कळतं."

"तुझा जावई बँकेत रखवालदार आहे, ताई."

"मग? दारातच तर सगळं कळतं!"

पिल-नाम हसली, पण तिने तेच केले.

आणि तिथून आमचे हाल सुरू झाले. जो पैसा येईल तो खात्यात. दुपारी भाताबरोबर नुसता खारवलेला मुळा. माझा पट्टा चिरला तर त्याला ठिगळ. रुळांना टाकी लावायची तर "सप्टेंबरनंतर बघू". तेलाच्या थेंबासाठी मी करकरत होते, ती म्हणायची, "ओरडू नकोस गं, मलाही कोणी तेल घालत नाहीये." फोन वाजला आणि त्यावर बँकेचा नंबर दिसला की ती तो पालथा घालून तांदळाच्या पोत्यात खुपसायची. पोत्यातून त्याची घरघर मला ऐकू यायची. तिला वाटायचे, उचलला नाही तर खाते बंद केल्याचे कळणारच नाही, आणि कळले नाही तोवर खाते जिवंत आहे. भीती माणसाला असली गणिते शिकवते.

ऑगस्ट सरता सरता यॉम आजोबा छोटा ट्रक घेऊन आले. त्यांची पहिल्या तोडीची मिरची दरवर्षी आमच्याकडेच यायची.

"आजोबा, आत्ता नको," पिल-नाम म्हणाली. "सप्टेंबरच्या शेवटी आणा. तेव्हा सगळी घेते."

"सप्टेंबरच्या शेवटी? पोरी, मिरची आहे ही, लोणच्याची बरणी नव्हे की झाकून ठेवावी! माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही. तू घेणार म्हणून मी व्यापाऱ्याला दारातून हाकललंय."

"खात्यातून आत्ता काही काढता येत नाही हो."

"मग मला काय, हाकललेल्याच्या पाया पडायला लावतेस?"

ते रागाने निघून गेले आणि त्याच व्यापाऱ्याला पडेल भावात मिरची देऊन आले. एकीच्या धाकाची किंमत दुसऱ्याने भरली. बँकेच्या कुठल्या रकान्यात हे लिहिलेले नसते.

सप्टेंबर उजाडला तेव्हा पिल-नामचे खाते शून्यावर होते. उणे काहीच नाही. तिने बोंगताईला फोनवर शिल्लक दाखवली. शाळेत पहिला नंबर आलेली पोर प्रगतिपुस्तक दाखवते, तशी.

मग बँकेचा निरोप फोनवर आला. मुदत वाढली होती. मर्यादा तीन कोटींवरून दीड कोटीवर आली होती.

पिल-नाम स्टुलावर बसली. ती रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते.

त्याच आठवड्यात बँकेतले मिन साहेब, त्यांच्या आईने आमच्या गाळ्यातल्या घाण्यावर टाकलेल्या तिळांचे तेल न्यायला आले. साहेब म्हणजे काय, पिल-नामच्या मुलाच्या वयाचे. दारूच्या जुन्या हिरव्या बाटल्यांत तेल भरून तयार होते. पिल-नामने बाटल्यांवर हात ठेवला आणि उचलू दिल्या नाहीत.

"मिन साहेब, माझं व्याज कधी चुकलंय?"

"नाही मावशी."

"एक दिवस उशीर?"

"नाही हो."

"मग अर्धं का कापलं?"

मिन साहेबांनी घसा खाकरला. त्यात माझ्या मिरचीचाही हात होता. "तुम्ही वसंतापासून खातं वापरलंच नाहीत, मावशी. वापर नसला की मर्यादा आपोआप खाली येते. गरज दिसत नाही ना."

"आणि वसंतात वाढवून मागितलं तेव्हा?"

"तेव्हा... तेव्हा तुमचा वापर फार होता. ताण दिसत होता."

"वा रे वा!" पलीकडून बोंगताई कडाडली. "म्हणजे खाल्लं तर खादाड, आणि उपाशी राहिलं तर भूकच नाही!"

"नियम मी करत नाही, आजी."

"आजी कोणाला म्हणतोस रे? तुझ्या आईपेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे मी!"

पिल-नामने तिला हाताने थांबवले. "हे मला आधी सांगता आलं नसतं?"

"फोन केला होता मी, मावशी. जुलैत. दोनदा. थोडं वापरत राहा, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही उचलला नाहीत."

पिल-नामची नजर तांदळाच्या पोत्याकडे गेली. मित्रांनो, तेव्हा मला तिचाही राग आला, खोटे कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला तो नकाराच्या त्या पहिल्या दिवसाचा. 'नवे मिळणार नाही, जुन्याला धोका नाही, चालू ठेवा.' एवढे एक वाक्य त्या दिवशी कोणी बोलले असते तर तिने फोनला भूत समजून पोत्यात गाडले नसते.

तिने तेलाचे पैसे पुरेपूर घेतले. दरवेळी वर भाजलेल्या तिळांची पुडी देते, ती दिली नाही.

महिनाअखेर यॉम आजोबा दुसऱ्या तोडीची मिरची घेऊन आले. कपाळाला आठ्या होत्याच. पिल-नामने या वेळी काही लपवले नाही. अर्धीच घेता येईल म्हणाली, आणि का, तेही सगळे सांगितले.

"अर्धीच? आणि उरलेली मी काय लेकीच्या हुंड्यात देऊ?" आजोबा भडकले. चार शिव्या बँकेला, दोन बोंगताईच्या जावयाला आणि एक पिल-नामला अशी वाटणी झाली. मग ते ट्रकच्या फळीवर टेकले. "उरलेली मीच विकतो. इथेच, तुझ्या दारात बसून. बायका माझ्याकडून मिरची घेतील, तू दळून दे. तुला दळणाचे पैसे, मला मिरचीचे."

"त्यात मला फार काही सुटत नाही, आजोबा."

"मला तरी कुठं सुटतंय, पोरी? पण व्यापाऱ्याचं तोंड बघण्यापेक्षा तुझं बघतो."

पहिल्याच दिवशी माझी लाज गेली. एका बाईने पेटीत हात घातला आणि किंचाळली, "हे तिखट आहे की विटेचा चुरा?" तिखट गरम होते, काळपट होते. इतके महिने जे टाळले, ते सगळ्या बाजारासमोर उघडे पडले. पिल-नामने त्या बाईला तिच्या मिरचीचे पैसे भरून दिले आणि माझा खटका बंद केला. बोंगताई म्हणाली, "आता खात्यातून काढू नकोस हं, पुन्हा बघतील." पिल-नाम म्हणाली, "बघू दे. डोळे भरून बघू दे." तिने फोन काढला, उणे खात्यातून पैसे उचलले आणि माझे दोन्ही रूळ सोडवून कारखान्यात पाठवले.

नव्या खाचा घेऊन रूळ परत आले तेव्हा मी असे तिखट काढले की यॉम आजोबा भांडायचे विसरले. पण गोड शेवट सांगायचा म्हणून मी खोटे बोलणार नाही. त्या हंगामात आमची कमाई आदल्या वर्षीपेक्षा कमीच झाली. नवी गिरणी आली नाही. कापलेली मर्यादा परत मिळाली नाही. बदलले एवढेच की फोन वाजला की पिल-नाम आता पहिल्या घंटेला उचलते आणि विचारते, "बोला साहेब, आज काय कापताय?"

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठे होऊन नाही म्हणायच्या खुर्चीत बसेल. खुशाल नाही म्हणा. पण समोरच्याकडे जे आधीपासून आहे ते राहणार की जाणार, हे त्याच दमात सांगा. त्याला अंधारात चाचपडायला घरी पाठवू नका. आणि ज्याला नकार मिळेल त्याने तोंड उघडून विचारावे, दहादा विचारावे, विचारल्याने कोणी लहान होत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांत चकचकीत दिसण्यासाठी ज्याच्या जिवावर चूल पेटते त्यालाच उपाशी ठेवू नका. ते माणूस असो की लोखंड. आधी त्याच्या सांध्यात तेल घाला. बँक नंतर.